पाण्यावरचे बिऱ्हाड

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात समुद्र येतो तो बहुधा तोफांच्या आवाजासह येतो. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, कान्होजी आंग्र्यांनी कोकणचा किनारा धाकात ठेवला, १८०५ साली ट्रफल्गारच्या लढाईत नेल्सन पडला, ही वाक्ये आम्ही शिक्षक मंडळी वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतो. परंतु त्या जहाजांवर स्वयंपाक कोण करी, ओले कपडे वाळत कुठे घालीत, गोडे पाणी संपत आले म्हणजे वाटणी कशी होई, हे प्रश्न परीक्षेत येत नाहीत. मुले मात्र नेमके तेच विचारतात. आणि मला वाटते, इतिहास कशाला म्हणावे हे पुष्कळदा मुलांना आपल्यापेक्षा अधिक कळते.

समुद्राच्या इतिहासात गेल्या दीडशे वर्षांत एक लहानसे घरगुती प्रकरण लिहिले गेले आहे. त्यात आरमार नाही, व्यापार नाही, नव्या भूमीवर निशाण रोवणे नाही. एक नवरा, एक बायको आणि वीस-तीस फुटांची एक शिडाची नाव, एवढीच त्यातली पात्रे. घर विकून किंवा बंद करून ही जोडपी समुद्रावर गेली आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिली. संसाराला सागराची उपमा देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. या मंडळींनी ती उपमा अक्षरशः खरी केली. त्यांचा हा संसार चाले तरी कसा, आणि त्यातून चूल, घर व बाईमाणसाचे काम यांविषयी काय शिकायला मिळते, हे सणाच्या निवांत वेळी पाहण्यासारखे आहे.

पूर्वी बायका समुद्रावर गेल्याच नाहीत असे नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या व इंग्लंडच्या मालवाहू जहाजांवरचे कित्येक कप्तान बायकोला बरोबर नेत. जोशुआ स्लोकम हा त्यांपैकीच एक. १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ नावाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून त्याचे नाव जगभर गाजले. त्याची पहिली पत्नी व्हर्जिनिया लग्नापासून जहाजावरच राहिली. तिची मुले समुद्रावर नाही तर परक्या बंदरांत जन्मली, आणि १८८४ साली ब्यूनोस आयर्स येथे जहाजावरच तिने प्राण सोडला. दुसरी पत्नी हेटी, ही शिवणकाम करणारी. ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्यांचे जहाज फुटले, तेव्हा स्लोकमने पस्तीस फुटांची एक नाव स्वतः बांधली आणि तिची शिडे हेटीने शिवली. त्या नावेतून नवरा, बायको व दोन मुलगे १८८८ साली अमेरिकेला परतले. त्यानंतर हेटी नवऱ्याबरोबर अशा सफरीवर कधी गेली नाही. एका सफरीत तिला समुद्र पुरेसा कळला असावा. स्लोकमची प्रदक्षिणा जगाने लक्षात ठेवली; हेटीची सुई मात्र तळटीपेत गेली.

त्याच्याही आधी, १८७७ साली, थॉमस क्रेपो नावाचा एक अमेरिकन खलाशी जेमतेम वीस फूट लांबीच्या नावेतून अटलांटिक महासागर ओलांडून इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याला लागला. बरोबर त्याची पत्नी जोआना होती. वीस फूट म्हणजे किती? आपल्याकडच्या चाळीतल्या दोन खोल्या एकापुढे एक ठेवल्या तर लांबी तेवढीच भरेल. रुंदी मात्र त्या खोलीपेक्षाही कमी. पन्नासएक दिवस हे दोघे त्यात होते. पुढे त्यांनी ती नाव लोकांना पैसे घेऊन दाखवली आणि १८९३ साली क्रेपोने आपले चरित्र प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाच्या लांबलचक नावात कप्तान थॉमस क्रेपो हे नाव आहे, आणि त्यापुढे दोनच शब्द आहेत: ‘आणि पत्नी’. महासागर दोघांनी ओलांडला. नाव छापले गेले एकाचे. ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी, कारण पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

हौसेने समुद्रावर बिऱ्हाड करणाऱ्या जोडप्यांची खरी परंपरा सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. तिच्यात मानाचे पान द्यावे लागते ते एरिक व सुझन हिस्कॉक या इंग्रज दांपत्याला. १९४१ साली त्यांचे लग्न झाले. १९५२ साली ‘वाँडरर थर्ड’ नावाची त्यांची नवी बोट पाण्यात उतरली आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात दोघे वाइट बेटावरून निघाले. पनामाचा कालवा, ताहिती, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेची सामुद्रधुनी, दक्षिण आफ्रिका असे करीत १९५५ च्या जुलैत ते घरी परतले. पुन्हा १९५९ साली निघाले ते १९६२ साली परत आले. दोन पृथ्वीप्रदक्षिणा, आणि दोन्ही त्याच बोटीतून.

ही बोट तीस फूट तीन इंच लांब आणि मधोमध साडेआठ फुटांहूनही थोडी कमी रुंद होती. दोन्ही टोकांना ती निमुळती होत गेलेली. एवढ्या जागेत झोपायच्या फळ्या, नकाशे पसरण्याचे मेज, स्वयंपाकाचा कोपरा, पाण्याच्या टाक्या, सुटी शिडे, दोरखंड, हत्यारे, पुस्तके आणि सहा महिने पुरेल इतका शिधा! एरिक यांची दृष्टी लहानपणापासून अधू होती, म्हणून क्षितिजावरचा दिवा किंवा किनाऱ्याची रेघ पाहण्याच्या कामी सुझनबाईंच्या डोळ्यांना केवढे मोल असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

दिवाळीच्या आधी आपल्या घरोघरी माळे उपसले जातात, डबे घासले जातात आणि हरवलेल्या वस्तू सापडतात. बोटीवर ही दिवाळी रोजचीच असते. तिथे प्रत्येक वस्तूला तिची जागा ठरलेली, आणि ती वस्तू जागेवर नसेल तर नुसती हरवत नाही, उडते. बोट एका अंगावर कलली की उघडी राहिलेली सुरी, किटली, पुस्तक, सारे समोरच्या भिंतीवर जाऊन आदळते. म्हणून ताटे-कपांना खाचा केलेल्या, कपाटांना खिटया, मेजाला चहूबाजूंनी उंच काठ. झोपायच्या फळीला कापडाचा कठडा बांधलेला असतो. तो नसेल तर झोपलेला माणूस मध्यरात्री जमिनीवर येतो.

पहाट उजाडते ती स्टोच्या आवाजाने. त्या काळच्या बहुतेक बोटींवर रॉकेलचा स्टो असे. आपल्याकडच्या ज्या गृहिणींनी हा स्टो वापरला आहे त्यांना त्याचे लाड ठाऊक आहेत. वाटीत स्पिरिट ओतायचे, ते पेटवायचे, बर्नर लाल झाला की पंप मारायचा, आणि ऐन चहाच्या वेळी पिन सापडत नाही. आता हेच सारे हलत्या जमिनीवर करायचे. त्यासाठी स्टो दोन बाजूंना खिळींवर टांगलेला असतो. बोट डावी-उजवीकडे झुकली तरी तो पाळण्यासारखा झुलून सपाट राहतो. स्वयंपाक करणाऱ्याने कमरेला पट्टा अडकवायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. उकळते पाणी अंगावर सांडून भाजणे हा समुद्रावरचा मोठा अपघात. वैद्य हजार मैलांवर असतो.

शिधा भरणे हे तर शास्त्रच आहे. अंडी ताजी घ्यायची, त्यांना व्हॅसलिन चोळायचे म्हणजे कवचातून हवा आत जात नाही, आणि ती अधूनमधून उलटी करायची. मग ती कित्येक आठवडे टिकतात. कांदे, बटाटे आणि कोबी हे जुने सोबती. डबाबंद अन्नाच्या डब्यांवरचे कागद आधीच सोलून काढायचे व डब्यावर रंगाने खूण करायची. यात हौस नाही. बोटीच्या तळाशी नेहमी थोडे पाणी साचते. त्यात ते कागद भिजून सुटले तर पंपात अडकतात, आणि ज्या दिवशी पंप चालला नाही तर बोट बुडेल, नेमक्या त्याच दिवशी तो बंद पडतो. कोणत्या डब्यात वाटाणे आणि कोणत्यात फळे, ही यादी ज्याच्या वहीत असेल तो त्या घरचा कोठीदार.

गोड्या पाण्याचा हिशेब सर्वांत कडक. माणशी दिवसाला अर्धा गॅलन, म्हणजे सव्वादोन लिटर, असे जुने माप आहे. पिणे, चहा, स्वयंपाक सगळे त्यातच. भांडी समुद्राच्या पाण्याने धुवायची, बटाटे उकडताना थोडे खारे पाणी मिसळायचे म्हणजे मीठही वाचते. साधा साबण खाऱ्या पाण्यात फेस देत नाही. म्हणून काळे ढग दिसले की दोघांची धावपळ सुरू होते. शिडाच्या खालच्या कडेला पाऊस गोळा होतो, तिथे बादली टांगायची. पहिले पाणी खारट, कारण शिडावर मीठ बसलेले असते; ते कपड्यांना. नंतरचे टाकीला. त्याच पावसात उभे राहून अंघोळ. आपल्या दुष्काळी तालुक्यांतल्या बायकांना यातले काही नवे वाटणार नाही; एकच पाणी तीनदा वापरण्याची विद्या त्यांनाही येते.

दुपारी बारा वाजता बोटीचा ठावठिकाणा काढण्याचे काम. हलत्या डेकवर पाय रोवून सेक्स्टंट या उपकरणातून सूर्य क्षितिजापासून किती उंच आहे ते पाहायचे, त्यावरून अक्षांश निघतात. रेखांशासाठी अचूक घड्याळ हवे. विषुववृत्तावर चार सेकंदांची चूक झाली तर नकाशावर एक सागरी मैल चुकतो. म्हणून रेडिओवरचे वेळेचे ठोके ऐकून घड्याळ रोज पडताळायचे. चांगल्या वाऱ्यात अशी बोट दिवसाला शंभर-सव्वाशे मैल जाते. नकाशावर पेन्सिलीचा नवा ठिपका उमटला की त्या घरात समाधान असते.

उरलेला दिवस डागडुजीत जातो. समुद्रावर वादळ क्वचित येते, घर्षण मात्र अष्टौप्रहर चालू असते. दोर दोराला घासतो, शीड तारेला घासते, आणि एक बारीकशी शिवण सुटली की तासाभरात शीड उभे फाटते. म्हणून सुई, मेण लावलेला दोरा आणि तळहातावर चढवायचा कातड्याचा पट्टा सदैव हाताशी. संसार मोडतो तोही वादळाने कमी आणि रोजच्या घासण्याने जास्त, असे एखाद्या कादंबरीकाराने म्हटले तर त्याला अतिशयोक्ती म्हणू नये. तीस फुटांत रुसून जायला माहेर नाही, दार आपटायला दार नाही, आणि भांडण झाले तरी चार तासांनी त्याच माणसाच्या हाती आपला जीव सोपवून झोपायचे असते.

कारण रात्र वाटून घ्यावी लागते. दोघे एकाच वेळी झोपले तर समोरून येणारे जहाज कोण पाहणार? तीन-तीन किंवा चार-चार तासांची पाळी असते. एकाने सुकाणूपाशी बसायचे, दुसऱ्याने झोपायचे. वेळ झाली की हलवून उठवायचे. जाता जाता चहाचा कप हाती द्यायचा, वारा कसा आहे ते सांगायचे आणि त्याच उबदार फळीवर आडवे व्हायचे. लोकांना वाटते, या जोडप्यांना चोवीस तास एकमेकांचा सहवास. खरे पाहता लांबच्या प्रवासात ती एकमेकांना पाळी बदलतानाच भेटतात. हिस्कॉक दांपत्याने व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात पुढे दोन जुळी शिडे लावून बोट आपोआप वाट धरील अशी सोय केली होती, त्यामुळे त्यांना थोडी झोप मिळे. १९६० नंतर वाऱ्यावर चालणारी सुकाणूची यंत्रे आली. पहाऱ्याला मात्र यंत्राने सुट्टी दिली नाही.

या पाळीतच या संसाराचे मर्म आहे. रात्री दोनला जो सुकाणूवर असतो तोच त्या क्षणी कप्तान. तिथे पुरुषाचे काम व बाईचे काम असा भेद ठेवून चालत नाही, कारण एक जण आजारी पडला तर दुसऱ्याला सगळेच करावे लागते. घराचा उंबरठाच उरला नाही म्हणजे ‘घरातले’ आणि ‘बाहेरचे’ ही वाटणी कुठे करणार?

याची कसोटी माइल्स व बेरिल स्मीटन या जोडप्याच्या वाट्याला आली. माइल्स हे हिंदुस्थानच्या ब्रिटिश फौजेतले ब्रिगेडियर. लढाई संपल्यावर दोघे कॅनडात स्थायिक झाले. १९५१ साली त्यांनी इंग्लंडमध्ये ‘त्झू हांग’ नावाची, हाँगकाँगला बांधलेली शेहेचाळीस फुटांची बोट विकत घेतली. तोवर त्यांना शिडांची काही माहिती नव्हती! अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन, शिकत शिकत, ती बोट त्यांनी कॅनडाला नेली. पुढे १९५६ च्या डिसेंबरात जॉन गझवेल हा तरुण मित्र आणि एक सयामी मांजर बरोबर घेऊन ते मेलबर्नहून केप हॉर्नच्या दिशेने निघाले.

१४ फेब्रुवारी १९५७. चिलीच्या किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर, दक्षिण महासागरात, बेरिलबाई सुकाणूवर होत्या. मागून आलेल्या एका प्रचंड लाटेने बोट उचलली आणि नाळेवर उभी करून उलटी केली. बेरिलबाई पाण्यात फेकल्या गेल्या. कमरेचा दोर तुटला. दोन्ही डोलकाठ्या मोडल्या, डेकवरची खोली उपटून गेली आणि तिथल्या भगदाडातून पाणी आत घुसले. जखमी खांद्यानिशी त्या पोहत परत आल्या, त्यांना वर ओढून घेतले. बोट आता बुडणार असे माइल्सना वाटत असता बेरिलबाईंनी बादल्यांची गोष्ट काढली. बादल्या कुठे आहेत हे त्यांना ठाऊक होते. मग तासन्‌तास पाणी उपसणे चालले. गझवेल सुतारकामात निष्णात. त्याने भगदाडावर फळ्या आणि शीड ठोकले, मोडक्या लाकडांची नवी डोलकाठी उभारली. सुमारे पाच आठवड्यांनी ते चिलीच्या किनाऱ्याला लागले. मांजरही जिवंत होते.

बुडत्या घरात बादली कुठे आहे हे ज्याला आठवते त्याला काय म्हणावे? वीर म्हणण्याची आपल्याला सवय नाही, कारण बादल्यांची आठवण ठेवणे हे गृहिणीचे काम समजले जाते. पण त्या दिवशी ती आठवण म्हणजेच पराक्रम होता. त्याच वर्षी डिसेंबरात हे दोघेच पुन्हा निघाले आणि पुन्हा बोट उलटली. पुन्हा ती सावरून त्यांनी बंदर गाठले. अखेर १९६८ साली त्यांनी केप हॉर्नला वळसा घातला, तेव्हा दोघेही साठीच्या घरात होते.

याहून वेगळी कथा लिन व लॅरी पार्डी यांची. लॅरी कॅनडाचे, लिन अमेरिकेच्या. कॅलिफोर्नियात त्यांनी स्वतःच्या हातांनी ‘सेराफिन’ ही चोवीस फुटांची बोट बांधून १९६८ साली पाण्यात सोडली. तिला इंजिन नव्हते. वारा पडला की लांब वल्हे काढायचे. रात्री तेलाचे दिवे. पैसे संपले की एखाद्या बंदरात थांबायचे. लॅरी दुसऱ्यांच्या बोटी दुरुस्त करीत किंवा दुसऱ्याची बोट दूरच्या बंदरी पोहोचवून देत, लिनबाई लेख लिहीत. लहान बोट घ्या, साधे राहा, पण आता निघा, असा त्यांचा सर्वांना सल्ला होता. अकरा वर्षे ते त्या चोवीस फुटांत राहिले. जपानहून कॅनडापर्यंतच्या ४९ दिवसांच्या प्रवासात लिनबाईंनी रोज काय शिजवले, काय नासले, काय उरले, कोणत्या हवेत कोणाला भूक लागली, याची दिवसवार नोंद ठेवली आणि तिचे पुस्तक केले. एक महासागर स्वयंपाकघराच्या बाजूने लिहिला गेला. शिजलेले अन्न वेळेवर मिळाले तर पहाऱ्यावरचा माणूस चुका कमी करतो, हा त्यातला साधा व मोठा धडा. लॅरी २०२० साली वारले.

आणि घरच बुडाले तर? मॉरिस व मॅरलिन बेली या इंग्रज जोडप्याने आपला बंगला विकून ‘ऑरलिन’ नावाची बोट घेतली, १९७२ साली न्यूझीलंडला जाण्यासाठी निघाले, आणि ४ मार्च १९७३ रोजी पॅसिफिक महासागरात एका देवमाशाच्या धडकेने बोटीला भोक पडले. तासाभरातच बोट बुडाली. राहिला एक रबरी तराफा आणि त्याला बांधलेली एक लहान रबरी होडी. मॅरलिनबाईंना पोहता येत नव्हते. थोडे डबे संपल्यावर त्यांनी सेफ्टी पिन वाकवून गळ केला. मासे, कासवे कच्ची खाल्ली. पावसाचे पाणी धरले. जहाजे दिसत व निघून जात. मॉरिस खचत चालले तेव्हा मॅरलिनबाईंनी दिवसाला वेळापत्रक लावले. कागदांचे पत्ते केले, रोजनिशी ठेवली, घरी परतल्यावर पाहुण्यांना काय काय करून घालायचे याच्या याद्या केल्या आणि पुढच्या बोटीचा नकाशा काढायला घेतला. चहूकडे पाणी, अंगावर खाऱ्या पाण्याच्या जखमा, आणि ही बाई नव्या घरातल्या कपाटांची जागा ठरवते आहे! ३० जून रोजी दक्षिण कोरियाच्या एका मासेमारी जहाजाने दोघांना उचलले. पुढे त्यांनी खरोखरच दुसरी बोट घेतली आणि पुन्हा समुद्रावर गेले.

अर्थात सगळ्यांचेच असे होत नाही. हेटी स्लोकमप्रमाणे एका प्रवासात पुरे म्हणणारेही पुष्कळ. कित्येक बोटी पहिल्याच बंदरात विकल्या गेल्या आणि कित्येक जोडपी तिथूनच दोन वाटांनी घरी गेली. जे टिकले ते विशेष शूर होते म्हणून टिकले असे मला वाटत नाही. त्यांनी एकमेकांची कामे शिकून घेतली, म्हणून ते टिकले.

आता साधने बदलली आहेत. उपग्रहांच्या मदतीने ठावठिकाणा क्षणात कळतो, सूर्याच्या उन्हावर वीज मिळते, खारे पाणी गोडे करणारी यंत्रे लहान बोटींवरही बसतात. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि तसा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय ठरले. तिथेच बांधलेल्या छप्पन्न फुटी ‘तारिणी’तून भारतीय नौदलाच्या दिलना के. व रूपा ए. या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २९ मे २०२५ रोजी गोव्यालाच परतल्या. हे बिऱ्हाड नवरा-बायकोचे नव्हते, पण दोघींचे होते. आणि दोन माणसांच्या बोटीचे नियम सर्वांना सारखेच. रात्र तिथेही वाटूनच घ्यावी लागते.

आता पुस्तकाच्या नावाची ती गोष्ट. १८९३ साली जोआना क्रेपो ‘आणि पत्नी’ होती. १९५६ साली हिस्कॉक यांच्या पहिल्या प्रदक्षिणेचे पुस्तक निघाले, ते एरिक यांच्या नावाने. स्मीटन यांच्या त्या भीषण प्रवासाचे पुस्तक १९५९ चे, तेही माइल्स यांच्या नावाने. बेली यांचे पुस्तक मात्र १९७४ साली दोघांच्या नावाने आले, आणि त्यात कधी मॉरिस बोलतात, कधी मॅरलिन. ‘सेराफिन’च्या सफरीवरचे १९७६ चे पुस्तकही लिन आणि लॅरी या दोन्ही नावांनी निघाले. एका नावाची दोन नावे व्हायला ऐंशी वर्षे लागली.

बोटीच्या लॉगबुकाने मात्र हे फार आधी कबूल केले होते. लॉगबुकाचा रिवाज असा की जो पाळीवर असेल त्याने पाळी संपताना वाऱ्याची दिशा, वेग आणि मार्ग लिहायचा. म्हणून दोघांच्या बोटीचे लॉगबुक उघडले की एकाच पानावर दोन हस्ताक्षरे दिसतात: चार तास एकाची, चार तास दुसऱ्याची, पुन्हा पहिल्याची. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर काहीही छापलेले असो, त्या पानावर खोटे चालत नाही. आपल्या घरांचीही अशी वही कोणी ठेवली असती, तर यंदाच्या फराळाच्या डब्यांपासून दारातल्या आकाशकंदिलापर्यंत कोणत्या ओळी कोणाच्या अक्षरात निघाल्या असत्या, हे ज्याने त्याने आपल्याशी पडताळून पाहावे.